संघ बुडाले, मार्ता उरली

आज १९ फेब्रुवारी. शिवजयंतीच्या मिरवणुकांनी वर्तमानपत्रांची पानं भरलेली असताना क्रीडापानाच्या कोपऱ्यात एखादी चार ओळींची बातमी आली तर येईल, की ब्राझीलची फुटबॉलपटू मार्ता ४० वर्षांची झाली. फुटबॉलमध्ये चाळिशी म्हणजे समालोचकाच्या खुर्चीत बसायचं वय. मार्ता विएरा दा सिल्वा अजून मैदानात आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या ओरलँडो प्राइड संघाशी तिचा करार यंदाच्या अखेरपर्यंतचा आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा अंतिम सामन्यातले दोन गोल तिचे होते. तेव्हा हा मृत्युलेख नाही आणि निरोपाचा हारही नाही. तरी हिशेब मांडायला हा दिवस बरा. पुढच्या वर्षी २४ जूनला महिलांचा विश्वचषक ब्राझीलमध्ये सुरू होतो आहे. दक्षिण अमेरिकेत तो पहिल्यांदाच येतो आहे, आणि त्या निमित्ताने मार्ताच्या नावाचा जयघोष इतका होणार आहे की त्यात बाकीचं काही ऐकू येणार नाही.

आकडे एकदाचे उरकून घेऊ. ‘फिफा’ची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा: २००६ ते २०१० सलग पाच वर्षं आणि पुन्हा २०१८ मध्ये. विश्वचषकांत १७ गोल. १८ जून २०१९ रोजी फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन्स इथे इटलीविरुद्ध तिने सतरावा गोल केला आणि जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजेला मागे टाकलं. पाच विश्वचषकांत गोल करणारी ती पहिली फुटबॉलपटू, आणि यात पुरुषही आले. पाच ऑलिम्पिकमध्ये गोल करणारीही तीच पहिली. तीन ऑलिम्पिक रौप्यपदकं आहेत. सुवर्ण नाही, विश्वचषकही नाही. २०२४ मध्ये फिफाने महिला फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम गोलला तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिल्याच वर्षी तो मार्तानेच पटकावला. हयात असताना आपल्या नावाचं पारितोषिक ठेवलं जाणं आणि वर ते स्वतःच घेऊन जाणं, हा विनोद फक्त तिलाच शोभतो.

ब्राझीलमध्ये तिला ‘राणी’ म्हणतात. पेले राजा, म्हणून ही राणी. म्हणायला हरकत काहीच नाही, आणि मुद्दा हाच आहे की त्याला खर्चही काही नाही. संघाच्या पगाराला, सरावाच्या मैदानाला, मुलींच्या वयोगटांच्या स्पर्धांना पैसे पडतात. तिथे ब्राझीलने आणि एकूणच फुटबॉलच्या दुनियेने वर्षानुवर्षं हात आखडता घेतला आणि त्याची भरपाई मुकुटांनी केली. मार्ताच्या कारकिर्दीची दुसरीही एक यादी आहे, जी गौरवग्रंथांत सहसा छापली जात नाही. ती ज्या ज्या संघांतून खेळली त्यातले किती बंद पडले, याची ती यादी. तिच्याकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं.

राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांच्या हुकूमशाहीत १४ एप्रिल १९४१ रोजी खेळांविषयीचा वटहुकूम निघाला, क्रमांक ३१९९. त्याच्या ५४व्या कलमानुसार स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ खेळता येणार नव्हते. आदल्या वर्षी रिओच्या उपनगरांतले मुलींचे संघ साओ पावलोच्या पाकाएम्बू स्टेडियमवर सामना खेळून आले होते. एका सद्गृहस्थाने थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या खेळाने भावी मातांच्या प्रकृतीवर संकट येईल अशी चिंता व्यक्त केली होती. चिंतेचं कलम व्हायला वर्ष पुरलं. १९४१ मध्ये निदान खेळांची नावं घातली नव्हती. १९६४ च्या बंडानंतर आलेल्या लष्करी राजवटीने १९६५ मध्ये तीही कसर भरून काढली आणि फुटबॉल, रग्बी, वॉटर पोलो, कुस्ती अशी यादीच दिली. बंदी उठली १९७९ मध्ये. महिला फुटबॉलची रीतसर नियमावली यायला १९८३ उजाडलं.

आता या तारखांशेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहा. ब्राझीलने पुरुषांचा विश्वचषक जिंकला १९५८, १९६२ आणि १९७० मध्ये. गारिंचा, दिदी, पेले, जेर्झिन्हो, तोस्ताओ. ज्या सुवर्णकाळाच्या आठवणींवर ब्राझीलचं फुटबॉल आजही जगतं, तो सगळाच्या सगळा स्त्रियांवरच्या बंदीच्या ३८ वर्षांत बसतो. निम्म्या देशाला दाराबाहेर उभं करून देश फुटबॉलमय झाला होता. बाहेर उभ्या असलेल्या त्या निम्म्यांत किती मार्ता असतील याचा अंदाजही करता येत नाही, कारण त्या खेळल्याच नाहीत, किंवा खेळल्या त्या चोरून. त्यांची नोंद कोण ठेवणार?

मार्ता जन्मली १९८६ मध्ये. ब्राझीलच्या महिला राष्ट्रीय संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही त्याच वर्षी, इटलीत, अमेरिकेविरुद्ध खेळला. कायदा गेला होता. गावातल्या माणसांच्या डोक्यातलं कलम ५४ शाबूत होतं. ईशान्य ब्राझीलमधल्या आलागोआस राज्यात दोइस रियाशोस हे तिचं गाव. हा सगळा पट्टा कोरडवाहू, पावसाच्या लहरीवर जगणारा. वस्ती दहा-अकरा हजारांची. ती तान्ही असतानाच वडील घर सोडून गेले. चार लेकरं एकट्या आईच्या, तेरेझाच्या, कमाईवर वाढली. आई कामावर, मुलगी नदीच्या कोरड्या पात्रात पोरांबरोबर. चेंडू मिळाला तर फुटका, नाहीतर पिशव्यांचा गोळा. मोठ्या भावाला हे पटायचं नाही. गाव काय म्हणेल याची त्याला धास्ती. शेजारच्या गावातल्या मुलांच्या स्पर्धेत ती खेळायला लागली आणि जिंकून द्यायला लागली, तेव्हा एका प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने सांगितलं की ही पोरगी असेल तर आमचा संघ उतरणार नाही. आयोजकांनी पोरीला बाहेर काढलं.

२००० मध्ये, चौदाव्या वर्षी, तिने रिओची बस धरली. सुमारे दोन हजार किलोमीटर, तीन दिवस. वास्को द गामा क्लबमध्ये एलेना पाशेको महिला संघ चालवत होत्या. त्यांनी चाचणी घेतली. लाजरी, फारसं न बोलणारी, अंगाने किरकोळ मुलगी. डाव्या पायात मात्र असं काही होतं की चाचणी लवकरच आटोपली. वास्कोचा नावाजलेला संघ. दोनेक वर्षांत क्लबने महिला फुटबॉल गुंडाळलं. यादीतलं पहिलं नाव हे.

मग मिनास जेराइस राज्यातला एक छोटा क्लब, आणि २००४ मध्ये स्वीडनच्या उत्तरेतलं उमेओ. विमानतळाबाहेर बर्फ, भाषेचं अक्षर येत नाही, वय १८. फोन आला तेव्हा कुणीतरी चेष्टा करतंय असं तिला वाटलं होतं, असं सांगतात. त्याच मोसमात उमेओने युरोपचा करंडक जिंकला, अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत मिळून फ्रँकफर्टवर ८–० ने. २००५ ते २००८ सलग चार वर्षं स्वीडनची लीग. तिथे तिला पहिल्यांदा नियमित पगार, नियमित सराव आणि नियमित सामने मिळाले. पुढे ती स्वीडिश बोलायला शिकली आणि त्या देशाची नागरिकही झाली. ब्राझीलची सर्वांत मोठी खेळाडू घडली ती उमेओच्या थंडीत, हे ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने कधीतरी भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

आता यादी वेगाने पुढे सरकते. २००९ मध्ये अमेरिकेत नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. मार्ता लॉस एंजेलिस सोल संघात. साखळीत संघ अव्वल आला, अंतिम सामना हरला, आणि जानेवारी २०१० मध्ये बंद पडला. ती एफसी गोल्ड प्राइडमध्ये गेली. संघाने अजिंक्यपद जिंकलं आणि दोन महिन्यांत तोही बंद. मग वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश. २०११ चं अजिंक्यपद जिंकलं. २०१२ मध्ये अख्खी लीगच कोसळली. मधल्या मोकळ्या महिन्यांत ती ब्राझीलच्या सांतोसकडून, म्हणजे पेलेच्या क्लबकडून, खेळली होती आणि २००९ मध्ये महिलांचा पहिला कोपा लिबर्तादोरेस जिंकून दिला होता. सांतोसने २०१२ च्या सुरुवातीला महिला संघ बंद केला. कारण पैशाचं सांगितलं गेलं. त्याच क्लबात तेव्हा नेमार होता आणि त्याला थांबवून ठेवण्यासाठी पैसा कमी पडत नव्हता. मार्ता पुन्हा स्वीडनला, त्युरेसो संघात. २०१२ ची लीग जिंकली. २०१४ मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मार्ताचे दोन गोल, तरी वोल्फ्सबुर्गकडून ३–४ हार. त्युरेसोची तिजोरी तोवर रिकामी झाली होती आणि काही दिवसांत संघाने लीगमधूनच माघार घेतली.

पुरुष फुटबॉलमधली कुठलीही दिग्गज कारकीर्द घ्या आणि तिच्याबद्दल असा परिच्छेद लिहून दाखवा. पेलेच्या, माराडोनाच्या, मेस्सीच्या पायाखालून एकेक क्लब असा निसटला असता तर त्यांच्या नावावर काय उरलं असतं? जगातली सर्वोत्तम म्हणून सलग पाच वर्षं जिचा सत्कार झाला, ती दर दीड-दोन वर्षांनी नवा करार शोधत होती. महिला फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही, असं उत्तर ठरलेलं असे. ते किती खरं होतं हे २००७ मध्येच दिसलं होतं. त्या वर्षी रिओत पॅन अमेरिकन स्पर्धा झाली. २६ जुलैला माराकाना स्टेडियमवर महिलांचा अंतिम सामना होता. समोर अमेरिकेचा तरुण, दुय्यम संघ; ब्राझीलने ५–० ने धुव्वा उडवला. पण तो सामना पाहायला ६० हजारांवर माणूस आला होता. माराकानाच्या कीर्तिपथावर मार्ताच्या पावलांचे ठसे घेतले गेले, पहिल्यांदाच एका बाईच्या. सिमेंट वाळलं, आणि महिलांची राष्ट्रीय लीग? ती नव्हतीच.

दोन महिन्यांनी चीनमध्ये विश्वचषक. २७ सप्टेंबरला हांगझोऊ इथे उपांत्य सामन्यात पुन्हा अमेरिका, या खेपेला पूर्ण ताकदीची. निकाल ४–० ब्राझील. चौथा गोल अजून पुन्हा पुन्हा पाहिला जातो. ७९वं मिनिट. पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला मार्ता गोलकडे पाठ करून उभी, मागे टीना एलर्टसन खेटून. चेंडू आला तसा मार्ताने तो अलगद मागे ढकलला. चेंडू एलर्टसनच्या एका बाजूने गेला, ही गर्रकन वळून दुसऱ्या बाजूने, आणि पलीकडे दोघांची गाठ पडली. एलर्टसन अजून आधीच्या जागी मार्ताला शोधते आहे. पुढे कॅट व्हाइटहिल आडवी आली. बाहेर जाते असं भासवून मार्ता आत वळली. गोलरक्षक ब्रायना स्करीला उडी मारायला मिळाली, एवढंच. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागतात. मघाच्या त्या कोरड्या नदीपात्रात, दगड चुकवत, स्वतःपेक्षा थोराड पोरांना टाळत खेळणाऱ्या मुलीला जागा किती कमी पुरते, हे त्यात दिसतं. अशी चकवणूक प्रशिक्षण शिबिरात कुणी शिकवत नाही.

त्या स्पर्धेत सात गोल, सर्वोत्तम खेळाडूचा आणि सर्वाधिक गोलांचा असे दोन्ही मान तिला. अंतिम सामन्यात शांघायला जर्मनीकडून ०–२ हार झाली. बरोबरी साधून देऊ शकणारी पेनल्टी मार्ताने मारली आणि जर्मनीची गोलरक्षक नादिन आंगेररने अडवली. पदकं घ्यायला उभ्या राहिलेल्या ब्राझीलच्या मुलींनी एक फलक धरला होता. त्यावर आपल्या देशाकडे पाठबळ मागितलेलं होतं. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने, विश्वचषकाच्या मंचावरून.

दैवाची गंमत बघा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जादा वेळेत ब्राझीलचं सुवर्ण हिरावणाऱ्या अमेरिकेची प्रशिक्षक पिया सुंडहागे. २०११ च्या विश्वचषकात ड्रेस्डेनला अमेरिकेविरुद्ध मार्ताने दोन गोल केले, प्रेक्षक तिच्या प्रत्येक स्पर्शाला हुर्यो करत होते, आणि १२२व्या मिनिटाला ॲबी वॅमबाखने बरोबरी साधल्यावर पेनल्टींवर ब्राझील बाहेर पडलं. अमेरिकेची प्रशिक्षक तीच. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये माराकानावर उपांत्य सामन्यात ब्राझीलला पेनल्टींवर रडवणाऱ्या स्वीडनचीही तीच. शेवटी २०१९ मध्ये ब्राझीलने काय केलं, तर सुंडहागेंनाच प्रशिक्षक नेमलं.

रिओ ऑलिम्पिकचे ते दिवस आठवतात. पुरुषांचा संघ पहिल्या दोन सामन्यांत एकही गोल करू शकला नव्हता आणि प्रेक्षक मार्ताचं नाव घेऊन नेमारला डिवचत होते. एका पोराने पाठीवरचं नेमारचं नाव खोडून खाली पेनने मार्ता लिहिलेला शर्ट घातला होता. तो फोटो जगभर फिरला. दोन आठवड्यांनी पुरुषांनी सुवर्ण जिंकलं, महिला कांस्यही हरल्या, आणि ते नाव पुन्हा पूर्ववत झालं. मार्ताचा उपयोग पुष्कळदा असा झाला आहे: पुरुषांना लाज वाटावी म्हणून काढायची काठी. काम झालं की कोपऱ्यात.

मार्ताबद्दल लिहिताना तिच्या मर्यादांवर पांघरूण घालायचं कारण नाही. ती भरात असताना ब्राझीलचा डाव म्हणजे चेंडू मार्ताकडे द्या आणि वाट पाहा, इतकाच उरला होता. अमेरिका, जर्मनी, स्वीडन या शिस्तीच्या संघांपुढे तो पुरा पडत नव्हता. त्यात तिचा दोष कमी, महासंघाच्या आळसाचा जास्त. पण सगळ्यांनी तिच्याकडे पाहायचं ही सवय संघाला लागली ती लागलीच. २०१७ मध्ये ब्राझीलची पहिली महिला प्रशिक्षक एमिली लिमा यांना महासंघाने वर्षभरही न होता काढलं, तेव्हा क्रिस्तियानेसारख्या ज्येष्ठ खेळाडूंनी निषेध म्हणून राष्ट्रीय संघ सोडला. मार्ता राहिली. संघात राहून भांडण्याचीही एक बाजू असते हे मान्य; पण त्या दिवशी सर्वांत वजनदार नाव तिचं होतं आणि ते तिने पणाला लावलं नाही, ही नोंद राहणारच.

पुढे मात्र तिने आवाज चढवला. २०१९ च्या विश्वचषकात ती कर्णधार होती. बुटांच्या कंपनीबरोबरचा करार संपला होता आणि पुरुष खेळाडूंना मिळतं त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या रकमांचे नवे प्रस्ताव तिने नाकारले होते. ती काळे बूट घालून उतरली. कंपनीच्या खुणेच्या जागी निळ्या-गुलाबी रंगाची बरोबरीची दोन रेघांची खूण. मोंपेलिएला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर सोळावा गोल केल्यावर तिने पाय उचलून कॅमेऱ्याला बूट दाखवला. महिलांच्या विश्वचषकांत सर्वांत जास्त गोल केलेली कर्णधार बिनकंपनीचे बूट घालून खेळते आहे, हे त्या एका कृतीने कुणालाही न समजावता समजलं.

त्याच स्पर्धेत फ्रान्सकडून जादा वेळेत हरल्यावर ती कॅमेऱ्यात बघून ब्राझीलच्या मुलींशी बोलली. फोर्मिगा, मार्ता, क्रिस्तियाने जन्मभर पुरणार नाहीत, खेळ तुमच्यावर तगायचा आहे, आज रडून घ्या म्हणजे पुढे हसता येईल, असा त्याचा आशय. डोळ्यांत पाणी आणि आवाजात चीड होती. सांत्वन म्हणून त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी ते नीट ऐकलं नसावं. थोरल्या बहिणीने झापावं तसं ते होतं. चार वर्षांनी मेलबर्नला, आपल्या आजवरच्या शेवटच्या विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्याआधी, तिने सांगितलं की ती खेळायला लागली तेव्हा डोळ्यांपुढे एकही बाई नव्हती, कारण टीव्हीवर बायकांचे सामनेच दाखवत नसत. खरं म्हणजे बाई होती. सिसी नावाची ब्राझीलची दहा नंबरची खेळाडू १९९९ च्या विश्वचषकात सात गोल करून सर्वाधिक गोलांच्या मानाची वाटेकरी झाली होती. दोइस रियाशोसमधल्या १३ वर्षांच्या मुलीपर्यंत ती पोचलीच नाही.

बदल झाले. दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने आणि ब्राझीलने पुरुषांच्या वरच्या क्लबांना महिला संघ ठेवणं सक्तीचं केलं. सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या महासंघाने राष्ट्रीय संघातल्या पुरुषांना आणि महिलांना सारखा दैनिक भत्ता जाहीर केला. महिलांच्या शर्टावरून पुरुषांच्या पाच विश्वचषकांचे पाच तारे काढले गेले, कारण ते त्यांनी जिंकलेले नव्हते. २०२३ मध्ये ब्राझीलच्या महिलांच्या सामन्यांसाठी सरकारी कर्मचाऱ्यांना उशिरा कामावर येण्याची मुभा मिळाली. पुरुषांच्या विश्वचषकात ती पूर्वीपासून असे. हे सगळं मार्तामुळे झालं असं म्हणणं फोर्मिगावर अन्याय होईल. फोर्मिगा सात विश्वचषक खेळली, आणि बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या पिढीने पुरुषांचे उतरवलेले, मापात न बसणारे शर्ट घालून हा खेळ जिवंत ठेवला. मार्ता नसती तर या मागण्यांकडे जगाने वळून पाहिलं असतं का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि आमचं उत्तर नाही असं आहे.

आपल्याकडे कोल्हापूर किंवा गोव्यात पुरुषांच्या विश्वचषकात ब्राझीलचे पिवळे झेंडे घरोघर लागतात. त्या गर्दीत मार्ताचा फलक शोधायला कष्ट पडतील. पण एक धागा आपल्या मैदानांतून गेला आहे. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. कोलंबियाने फातोर्ड्याला उपांत्य सामन्यात नायजेरियाला पेनल्टींवर नमवलं आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामन्यात स्पेनकडून ०–१ ने हरली. कोलंबियाच्या त्या संघात लिंडा कायसेडो होती, १७ वर्षांची. तिच्या पिढीला मार्ता टीव्हीवर दिसत होती.

२ ऑगस्ट २०२५ रोजी किटो शहरात, समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरहून अधिक उंचीवर, कोपा अमेरिकाचा अंतिम सामना झाला, ब्राझील विरुद्ध कोलंबिया. पहिला गोल याच कायसेडोने केला. ३९ वर्षांची मार्ता राखीव बाकावर. वर्षभरापूर्वी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्पेनविरुद्ध लाल कार्ड मिळून ती रडत बाहेर गेली होती. बंदी संपून अंतिम सामन्याला परतली, बदली म्हणून आली आणि तिसरं रौप्य घेऊन गेली. राष्ट्रीय संघातून निवृत्त होणार असंही त्याआधी सांगून झालं होतं. प्रशिक्षक आर्थर एलियास यांनी तिला पुन्हा बोलावलं आणि किटोत ८२व्या मिनिटाला मैदानात उतरवलं. कोलंबिया ३–२ ने पुढे गेली. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला मार्ताने पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने बरोबरी साधली. जादा वेळेत १०५व्या मिनिटाला तिचाच दुसरा गोल, ४–३. दहा मिनिटांनी कोलंबियाच्या लेइसी सांतोसच्या फ्री किकवर पुन्हा बरोबरी. मग पेनल्टी, आणि ज्या किकवर ब्राझील जिंकणार होतं ती मार्ताची. गोलरक्षकाने ती अडवली. २००७ ला शांघायमध्ये हेच झालं होतं, २०१६ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धही हेच. पण किटोत तिच्यानंतर येणाऱ्या मुलींनी किका मारल्या, गोलरक्षक लोरेनाने कोलंबियाची शेवटची अडवली आणि ब्राझील जिंकलं. रिओ ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलरक्षक बार्बराने सावरलं होतं, पण ते पदकापर्यंत पोचलं नव्हतं. मार्ता चुकली तरी करंडक हातून जात नाही, अशी रात्र राष्ट्रीय संघात तिच्या वाट्याला एवढ्या उशिरा आली.

२०२७ चा विश्वचषक आठ शहरांत आहे. त्यात रेसिफे, साल्व्हादोर आणि फोर्तालेझा ही ईशान्येतली, मार्ताच्या प्रदेशातली शहरं आहेत. तोवर ती ४१ वर्षांची असेल. तिला संघात घ्यावं की नाही यावर ब्राझीलमध्ये वाद रंगेल आणि त्यातला बराचसा भावनेवर चालेल. आमचं मत विचाराल तर ती जागा एलियास यांनी पायातल्या दमावर द्यावी, कुणाच्या उपकाराची फेड म्हणून देऊ नये. महासंघाला फेडायचंच असेल तर त्याला दुसरं खातं आहे. आलागोआस, पेर्नांबुको, पियाउई अशा राज्यांत १४ वर्षांच्या मुलीला तीन दिवसांची बस न धरता खेळायला मिळेल असे किती संघ विश्वचषकाआधी उभे राहतात, आणि विश्वचषकानंतरच्या जानेवारीत त्यातले किती चालू असतात, हे त्या खात्यात मोजता येईल. २०१४ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी बांधलेली मैदानं तयार आहेत. या खेपेला सिमेंटवर फार खर्च नाही.